साडेबारा ते सात

फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारने फर्मान काढलं की पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत. मुलांची झोप पुरी होत नाही, हा मुद्दा तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी काढला होता आणि त्यावरून हे झालं. मग चर्चेला ऊत आला. डॉक्टर झोपेवर बोलले, संस्थाचालक दोन पाळ्यांच्या अडचणी सांगू लागले, स्कूलबसवाले रस्त्यावरच्या गर्दीचं रडगाणं गाऊ लागले. नोकरदार पालकांचा सवाल मात्र साधा होता: आम्हाला सव्वाआठची लोकल गाठायची असते, नऊ वाजता पोराला शाळेत सोडणार कोण? बातम्यांमध्ये हा सवाल ‘पालकांची गैरसोय’ या मथळ्याखाली दोन ओळींत आटोपला. शाळेची वेळ ठरवताना आई-बापाच्या कामाच्या वेळेकडेही बघायचं असतं, हे आपल्याकडे कोणाच्या गावीही नाही.

आई-बाप दोघेही कामावर, मूल सहा ते चौदा वर्षांचं. शाळा सुटल्यापासून घरात मोठं माणूस येईपर्यंत त्याच्याकडे कोण बघतं? लाखो घरं रोज या प्रश्नाचं उत्तर आपापल्या परीने शोधतात. पण सरकारदरबारी या प्रश्नाला खातं नाही, कायदा नाही, योजना तर नाहीच. जो तो हा आपल्या घरचा मामला समजून निस्तरत असतो, आणि निस्तरणारी बहुधा बाई असते.

आधी हिशेब मांडू. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेचे किमान दिवस आणि तास दिले आहेत. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १,००० तास. म्हणजे लहान वर्गांना दिवसाला चार तास शिकवलं की कायद्याचं समाधान होतं. आता दुसरं पान. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने प्रौढ कामगाराचा दिवस जास्तीत जास्त नऊ तासांचा ठरवला होता; सप्टेंबर २०२५मध्ये तो दहा तासांपर्यंत नेण्याला राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. त्यावर प्रवास. डोंबिवलीहून फोर्टला, विरारहून अंधेरीला, हडपसरहून हिंजवडीला जाणाऱ्याचा दिवस अकरा-बारा तासांखाली येतच नाही. सकाळच्या पाळीची शाळा साडेबाराला सुटते आणि घरचं कुलूप सातला उघडतं.

हे झालं रोजचं. वर्षाचा हिशेब त्याहून वाईट. आपल्या शाळांना रविवार सोडून वर्षाला ७६ सुट्ट्या असतात. बावन्न रविवार धरले तर मूल १२८ दिवस घरी. दुकानात किंवा लहान कंपनीत काम करणाऱ्या त्याच्या आईला २०१७च्या कायद्याप्रमाणे आठवड्याची एक सुट्टी, सणांच्या आठ, किरकोळ रजा आठ आणि दर वीस दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा. वर्षभर एकही खाडा न करता हे सगळं जमवलं तरी बेरीज ब्याऐंशीच्या आसपास जाते. तूट सेहेचाळीस दिवसांची. आई आणि बाप आळीपाळीने रजा टाकूनही ती पुरती भरून काढू शकत नाहीत, आणि त्या घराला एकत्र रजा म्हणून काही उरत नाही. मूल आजारी पडण्याचे दिवस यात धरलेलेच नाहीत. जिथे पालक एकटीच आहे किंवा एकटाच आहे, तिथे तर हा हिशेब मांडायलाही अर्थ नाही.

गोव्यात एप्रिल २०२५पासून सहावीपासून पुढचे वर्ग उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच, एप्रिलमध्ये सुरू करायचं ठरलं, तेव्हा पालकांचा एक गट थेट उच्च न्यायालयात गेला. वाद उकाड्याचा, पंख्यांचा, पाण्याचा झाला. विदर्भातल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात, तिथेही बोलणं उन्हाचंच. ऊन महत्त्वाचं आहेच. पण शाळेच्या वेळापत्रकावरच्या एकाही जाहीर वादात ‘त्या वेळी घरी कोण असतं?’ हा प्रश्न पहिल्या पाचांत आलेला मला आठवत नाही.

असं का, याचं एक कारण कायद्यांच्या पुस्तकात सापडतं. कारखाने अधिनियम, १९४८ उघडा. तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर पाळणाघर हवं असे, सहा वर्षांखालच्या मुलांसाठी. चहामळ्यांसाठीचा १९५१चा कायदा, विडी कामगारांचा १९६६चा, बांधकाम कामगारांचा १९९६चा, सगळीकडे मर्यादा सहा वर्षांचीच होती. रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती आली. पुढच्या वर्षी केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात वय सहा महिने ते सहा वर्षं. अंगणवाडी सहापर्यंत. केंद्राची ‘पाळणा’ योजना, जिच्यात सतरा हजार अंगणवाडी-पाळणाघरं उघडायचं ठरलं आहे, तीही सहापर्यंत.

सहाव्या वर्षी शिक्षण हक्क कायदा मूल ताब्यात घेतो, म्हणून बाकीचे सगळे हात झटकतात. हे कायदे झाले तेव्हा काळजी तान्ह्या बाळाची होती: अंगावरचं दूध, गिरणीतली धूळ, मातीच्या ढिगाऱ्यावर झोपवलेलं पोर. चालतंबोलतं मूल शाळेत जाईल, नाहीतर आजी आहे, चाळ आहे, शेजार आहे, असं गृहीत होतं. गिरणगावात ते बऱ्यापैकी खरंही होतं. आता वन-बीएचकेच्या बंद दारांमागे ते गृहीत तसंच पुढे चालू आहे.

गंमत अशी की सरकारला हे अजिबात ठाऊक नाही असंही नाही. स्वतःच्या कर्मचाऱ्यांपुरतं त्याला सगळं कळतं. सहाव्या वेतन आयोगानंतर, २००८ साली, केंद्र सरकारने आपल्या महिला कर्मचाऱ्यांना मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत नोकरीच्या काळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. महाराष्ट्राने २०१८ साली १८० दिवसांची दिली. म्हणजे दहावीतल्या मुलालाही कधी कधी घरात आई लागते, हे मंत्रालयातल्या लिपिक बाईंच्या बाबतीत मान्य आहे. मंत्रालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभ्या असलेल्या बाईंच्या बाबतीत नाही.

मग घरं करतात काय? पहिली सोय पाळणाघराची. ठाणे, डोंबिवली, चिंचवड, कोथरूड, नाशिकचं इंदिरानगर, कुठेही जा, तळमजल्यावर नाहीतर पहिल्या मजल्यावर एक काकू असतात. पंचावन्नच्या पुढच्या, मुलं मार्गाला लागलेली, काकांची निवृत्ती झालेली किंवा जवळ आलेली. पाटी असतेच असं नाही. नाव तोंडी पसरतं.

दुपारी पावणेएकच्या सुमाराला व्हॅनवाले काका खालून हॉर्न देतात. जिन्यात बूट वाजतात. दप्तरं दिवाणाखाली, बूट गॅलरीत, पाण्याच्या बाटल्या ओट्यावर एका ओळीत. ‘आधी हातपाय धुवा’ हे काकूंचं पालुपद. काकू एका हाताने डबे उघडतात आणि दुसऱ्या हाताने पालकांच्या ग्रुपवर ‘सगळे पोचले’ असं टाकतात. तो मेसेज यायला दहा मिनिटं उशीर झाला तर बीकेसीतल्या कुठल्या तरी मीटिंगमध्ये एका आईचं लक्ष उडतं. कोणाची पोळीभाजी घरून आलेली, कोणी काकूंकडचा वरणभात लावलेला. खरी ओढाताण इथून पुढे. तान्ही आणि दोन-तीन वर्षांची पोरं नेमकी याच वेळी झोपलेली असतात. शाळेतून आलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला सकाळपासून गप्प बसवलेलं असतं, त्याला आता ओरडायचं असतं, उड्या मारायच्या असतात. ‘हळू, बाळ उठेल’ असं सांगून त्याला पुन्हा गप्प केलं जातं. टीव्ही आवाज बंद करून लावतात. चार वाजता दूध, मग गृहपाठ, पाचला कोणाचा क्लास, कोणाची व्हॅन. सातनंतर आयांचे फोन: काकू, गाडी लेट आहे, दहा मिनिटं हं. काकूंना ती दहा मिनिटं रोजची झालेली असतात.

काकूंच्या बाजूनेही बघायला हवं. त्यांना आजारपणाची रजा नाही. त्या झोपल्या तर पंधरा नोकऱ्या अडतात. मदतीला एक मुलगी ठेवावी तर फी वाढवावी लागते, फी वाढवली तर दोन घरं सोडून जातात. सोसायटीच्या सभेत आवाजाबद्दल तक्रार होते. आणि एवढं सगळं करून त्या कोण आहेत हे कोणालाच सांगता येत नाही: शिक्षिका नाहीत, दुकानदार नाहीत, सेविकाही नाहीत. नोंदणी झालीच तर दुकान कायद्याखाली. शाळकरी मुलांसाठी दुपारी चालणाऱ्या पाळणाघरात किती मुलांमागे किती माणसं हवीत, आगीच्या वेळी बाहेर पडायला दुसरं दार हवं का, पोलीस पडताळणी कोणाची करायची, हे तपासायला कोणी येत नाही. २०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरात तान्ह्या मुलीला झालेल्या मारहाणीचं सीसीटीव्ही चित्रण बाहेर आलं, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता. त्यानंतर घराघरांतल्या पाळणाघरांत कॅमेरे बसले. कॅमेरा लावणं सोपं असतं. शाळेच्या बसचं पाहा: २०११ साली नियमावली झाली, बसमध्ये मदतनीस, शाळेत परिवहन समिती, वेगमर्यादा असं सगळं लिहून झालं. मूल बसमध्ये असतं ती पंधरा-वीस मिनिटं नियमांत बसली. बसमधून उतरल्यावरचे सहा तास अजून बसायचे आहेत.

चौथी-पाचवीपर्यंत हे चालतं. पुढे मुलं हटून बसतात. दुपट्यातल्या बाळांच्या शेजारी बसून भात खायचा त्यांना कमीपणा वाटतो, आणि तो वाटणं अगदी रास्त आहे. मग येतो क्लास.

माझं ठाम मत आहे की आपल्याकडे शाळकरी मुलांचं सगळ्यात मोठं पाळणाघर म्हणजे खासगी शिकवणी. केंद्र सरकारच्या २०२५च्या शिक्षणविषयक नमुना पाहणीत देशातल्या २७ टक्के विद्यार्थ्यांनी त्या वर्षात शिकवणी लावल्याचं आढळलं, शहरात ३०.७ टक्के, खेड्यात २५.५. या आकड्यांवरून नेहमीची ओरड झाली: शाळांचा दर्जा घसरला, स्पर्धा वाढली. दोन्ही खरं. पण दुसरीतल्या मुलीला सोमवार-बुधवार-शुक्रवार अबॅकस, मंगळवार-गुरुवार फोनिक्स आणि शनिवारी चित्रकला लावणाऱ्या आईला एकदा घरी बोलावून चहा द्या आणि विचारा. ती आधी ‘एकाग्रता वाढते’ म्हणेल. मग सांगेल की क्लासची वेळ साडेपाच ते सात आहे आणि तिची गाडी सहा पन्नासला स्टेशनात येते.

यात लबाडी काही नाही. मुलाला सांभाळायला पैसे मोजते म्हटलं की सासूबाईंच्या भुवया वर जातात. अभ्यासाला पैसे मोजते म्हटलं की कोणी काही बोलत नाही. पण याचा फटका मुलाला बसतो. शाळेचे पाच-सहा तास, क्लासचे दोन, गृहपाठाचा एक. आई-बापापेक्षा त्याचा दिवस काही लहान उरत नाही, आणि त्यात खेळायचा तास शोधून सापडत नाही. केंद्राने जानेवारी २०२४मध्ये कोचिंग केंद्रांसाठी सूचना काढल्या आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नका म्हटलं. गल्लीतल्या खोलीत वीस मुलांना बसवणाऱ्या सरांना त्या सूचना लागू होत नाहीत, आणि लागू केल्या तर संध्याकाळी सहा वाजता ती वीस मुलं जाणार कुठे, हे सूचना काढणाऱ्यांनी सांगितलेलं नाही.

क्लास परवडत नाही किंवा पुरत नाही तिथे आजी-आजोबा. याबद्दल आपण फार गोड बोलतो. नातवंडांत रमणारे आजी-आजोबा असतातच. पण गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलून चौथ्या मजल्यावरून दोनदा खाली-वर करणाऱ्या आज्याही असतात, आणि गावचं घर-शेत बंद करून मुलाच्या दोन खोल्यांत आलेले, संध्याकाळी कट्ट्यावर गप्प बसलेले आजोबाही. ही सोय सातासमुद्रापारही चालते. न्यू जर्सीतल्या मराठी घरात सहा महिने सूनबाईचे आई-वडील, पुढचे सहा महिने मुलाचे, असा व्हिसाच्या मुदतीवर बांधलेला बालसंगोपनाचा आराखडा सर्रास दिसतो.

आजी नसेल तर ताई. ताई म्हणजे नऊ-दहा वर्षांची मुलगी, जिच्या गळ्यात किल्ली आणि कडेवर भाऊ असतो. वस्त्यांमधून घरकामाला जाणाऱ्या बायकांचा दिवस सकाळी सातला सुरू होतो, दुपारी एक फेरी घरी, पुन्हा संध्याकाळची कामं. त्यांच्या मुलांना शाळेत दुपारचा पोषण आहार मिळतो. त्यानंतर रात्रीपर्यंत जे मिळेल ते. ताईच्या शाळेला दांड्या पडतात, सातवी-आठवीत ती सुटते, आणि कागदावर कारण लिहिलं जातं: ‘शिक्षणात रस नाही’.

या सगळ्याचा भार कोणावर पडतो ते सरकारच्याच वेळ-वापर पाहणीत दिसतं. २०१९ साली घरकामात गुंतलेल्या बायका त्यात दिवसाला २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. २०२४च्या पाहणीत बायकांची २८९ झाली, पुरुषांची ८८. म्हणजे बायकांची दहा मिनिटं कमी झाली तर पुरुषांनी आपली नऊ कापून घेतली! शहरी भागात पंधरा वर्षांपुढच्या बायकांपैकी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या २०२३-२४ साली २८ टक्के होत्या. बाकीच्या सगळ्या काही मुलांपायी घरी नाहीत. पण मूल पहिलीत गेलं तेव्हा नोकरी सोडली, असं सांगणाऱ्या बाया तुमच्या-माझ्या ओळखीत निघतातच. पहिली ते चौथी ही वर्षं अवघड: अंगणवाडी-बालवाडी संपलेली असते आणि किल्ली देण्याइतकं मूल मोठं झालेलं नसतं. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली महिला विशेष गाडी सुरू केली, कारण नोकरदार बायकांची गर्दी नजरेत भरली होती. त्याच बायकांची मुलं त्या वेळी कुठे होती, हे फलाटावरून दिसत नव्हतं.

शहर सोडून बाहेर आलं की प्रश्नाची जातच बदलते. बीड, जालना, नगरकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला कारखान्यावर जातात ती थेट उन्हाळ्यात परततात. कोयता जोडीने चालतो. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, दिवस पहाटे चारला सुरू होतो. मागे गावात मूल ठेवावं तर सांभाळणार कोण, सोबत न्यावं तर शाळा बुडते आणि फडातली कामं गळ्यात पडतात. यावर कारखान्यांजवळ या मुलांसाठी साखरशाळा झाल्या, औरंगाबादच्या जनार्थ संस्थेने त्या पुष्कळ काळ रेटल्या. मग गावातच हंगामी वसतिगृहं आली, म्हणजे मुलाने आजीकडे किंवा नातेवाइकांकडे राहायचं आणि जेवणाचा खर्च सरकारने द्यायचा. २०२१मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर झाली. हे सगळे कार्यक्रम शिक्षण किंवा सामाजिक न्याय या खात्यांत बसतात, पण प्रश्न तोच आहे: आई-बाप कामावर असताना मूल कोणाच्या नजरेखाली? ऊसतोड कामगारांच्या बाबतीत सरकारला तो दिसला, कारण तिथे तो सहा महिन्यांचा एकगठ्ठा आहे. शहरात तो रोज सहा तासांच्या तुकड्यांत येतो, म्हणून नजरेआड होतो.

ज्यांनी तुकडे जुळवून पाहिले तेही आपल्याकडचेच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीहून कोसबाडला गेल्या आणि वारली पाड्यांत त्यांना दिसलं की मोठी मुलं शाळेत येत नाहीत, कारण लहानग्यांना सांभाळायचं असतं आणि गुरं राखायची असतात. त्यांनी विकासवाडी उभी केली: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, म्हणजे ताईने भावाला तिथेच ठेवायचं आणि शेजारच्या वर्गात बसायचं. गुराख्यांसाठी शाळाच कुरणात नेली. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत मोबाइल क्रेशेस सुरू केलं, १९७२पासून काम मुंबईतही आलं; बांधकामावरच्या तान्ह्या बाळांसाठी उघडलेल्या त्या केंद्रांत बाळांना कडेवर घेऊन येणारी मोठी भावंडंही ठाण मांडून बसली, तेव्हा त्यांच्या शिकण्याचीही सोय करावी लागली. डोअर स्टेप स्कूलने १९८८पासून मुंबईत आणि पुढे पुण्यात वस्तीतल्या मुलांचे शाळेबाहेरच्या तासांतले अभ्यासवर्ग चालवले. ही सगळी कामं मोठी, आणि सगळी संस्थांच्या जिवावर.

बाहेरच्या देशांनी काय केलं ते थोडक्यात. स्वीडनमध्ये सहा ते बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी शाळेच्याच आवारात शाळेआधी आणि शाळेनंतर चालणारी केंद्रं आहेत. पालक नोकरी करत असतील किंवा शिकत असतील तर ती पुरवणं नगरपालिकेला बंधनकारक आहे. जर्मनीत दुपारी घरी जेवायला पाठवणारी अर्ध्या दिवसाची शाळा ही जुनी रीत. तिथे २०२१ साली कायदा झाला आणि १ ऑगस्ट २०२६पासून पहिलीतल्या मुलाला आठवड्याचे पाच दिवस, रोज आठ तास देखरेखीचा हक्क मिळतो, दर वर्षी एक इयत्ता वाढवत २०२९-३०पर्यंत चौथीपर्यंत. सुट्टीतही हा हक्क चालू राहतो. राज्यांना वर्षात फार तर चार आठवडे बंद ठेवता येतं. जर्मनीतल्या मराठी मंडळींना सहा वर्षांखालच्या मुलाची जागा मिळवताना जेवढी यातायात करावी लागते तेवढीच याही जागेसाठी करावी लागणार, कारण शिक्षक आणि खोल्या दोन्ही कमी आहेत. जपानने शाळेनंतरच्या केंद्रांना १९९७ साली कायद्यात आणलं आणि २०१५पासून ती सहावीपर्यंत खुली केली. २०२४मध्ये तिथे पंधरा लाखांवर मुलांची नोंद होती. तरी प्रतीक्षायादी आहे आणि तिथल्या ‘काकूं’चे पगारही तुटपुंजेच आहेत. श्रीमंत देशातही हे काम स्वस्तात करून घ्यायची सवय सुटलेली नाही.

आपल्याला स्वीडन व्हायची गरज नाही. आपल्याकडे जे होतं आणि आहे तेच नीट पाहिलं तरी पुष्कळ आहे. संध्याकाळच्या व्यायामशाळा, राष्ट्र सेवा दलाच्या शाखा, शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरातला मल्लखांब, गल्लीतली क्रीडामंडळं: यांनी मुलांना घडवलं वगैरे ठीकच, पण त्यांनी मुलांना रोज ठरलेल्या वेळी, ओळखीच्या मोठ्या माणसाच्या नजरेखाली ठेवलं, याचं मोल आपण कधी केलंच नाही. चर्नी रोडचं जवाहर बालभवन, पणजीचं बालभवन, पुण्यात सारसबागेजवळचं गरवारे बालभवन. शोभा भागवतांनी गरवारे बालभवनात मुलांना मोकळं खेळू देण्याची जी रीत घातली तिला तोड नाही. पण एका शहराला एक बालभवन म्हणजे कितीसं? तमिळनाडूने कोविडनंतर, २०२१ साली, संध्याकाळी वस्तीतच तासाभराचे वर्ग घेणारे स्वयंसेवक नेमले, बहुतेक स्थानिक बायका, महिना हजार रुपये मानधनावर, आणि संख्या दोन लाखांच्या घरात नेली. हजार रुपयांत राबवून घेणं मला पटत नाही. पण राज्य मनात आणेल तर संध्याकाळी गल्लीगल्लीत पोचू शकतं, एवढं त्यातून दिसलं. कर्नाटकने २०२०मध्ये ग्रामपंचायतींची वाचनालयं सहा ते अठरा वयाच्या मुलांना फुकट खुली केली.

इमारतीही आहेत. मुंबईतल्या पालिकेच्या मराठी शाळांत पट घटल्यामुळे वर्ग रिकामे पडलेत. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तर स्पष्ट लिहिलं आहे की शाळेच्या वेळेबाहेर इमारती समाजाच्या उपयोगी आणाव्यात. त्याला सामाजिक चेतना केंद्र असं भारदस्त नाव दिलं आहे. शिक्षकांच्या माथी हे मारू नये, त्यांच्यावर निवडणुका आणि जनगणना पुरेशा आहेत. वेगळी माणसं हवीत, पगारी हवीत, आणि त्यांना मुलांशी खेळता यायला हवं. काकूंसारख्यांना त्यात पहिली संधी मिळावी. आणि कृपा करून तिथे अबॅकस शिकवू नये. दुपारी जेवण, तासभर लोळणं, मैदान, थोडा गृहपाठ, एवढं पुरे.

पैशाचा प्रश्न निघणारच. त्यासाठी महाराष्ट्रात एक जुनी, विसरलेली सोय आहे. १९५३च्या कायद्याने झालेलं महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ. जून आणि डिसेंबरच्या पगारपत्रकात एक छोटी कपात दिसते ती याची: २०२४पासून सहामाहीला कामगाराचे पंचवीस रुपये आणि मालकाचे पंच्याहत्तर. मंडळाची कामगार कल्याण केंद्रं औद्योगिक शहरांमध्ये कामगार वस्त्यांच्या जवळ आहेत. तिथे शिशुमंदिर, शिवणवर्ग, ग्रंथालयं, व्यायामशाळा चालतात. म्हणजे पालकांच्या पगारातून कापलेला निधी आहे, जागा आहे, आणि मुलांसाठी काही चालवायची परंपराही आहे. शिशुमंदिरातलं मूल पहिलीत गेलं की त्याचं नाव तिथल्या पटावरून कमी होतं. ते न करता त्याच आवारात त्याला सातपर्यंत राहू द्यायचं ठरलं, तर सहामाहीचे शंभर रुपये किती करावे लागतील, हा हिशेब मंडळाला सहज मांडता येईल. मालक संघटना त्यावर काय म्हणतील ते ऐकायला आवडेल; दिवस दहा तासांचा करा, ही मागणी त्यांनी लावून धरलीच होती.